नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात करता येतो का? आणि कायदा बदलावा म्हणून आपण काय करू शकतो?

येतो. गर्भपाताच्या संमतीचा जो अर्ज असतो, फॉर्म सी, त्यावर फक्त बाईची सही लागते. नवरा, सासू, भाऊ, कुणाचीच नाही. 1971च्या मूळ कायद्यापासून हेच आहे.

तरी सर्रास मागतात. मी सोलापुरात विडी कामगार बायकांबरोबर काम करते. त्यातलीच एक, दोन लेकरांची आई, नवरा भिवंडीला लूमवर. तिच्याबरोबर एका खाजगी दवाखान्यात गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मालकांना घेऊन या." मी नियमाची झेरॉक्स पुढे केली. तिने ती न वाचताच उलटी ठेवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आमचा नंबर लिहून घेतला! डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "उद्या नवऱ्याने काचा फोडल्या तर तुम्ही भरणार का?" म्हणजे भीती कायद्याची नव्हतीच. "सही कशाला हवी ते लेखी द्या," म्हटल्यावर काम झालं. तोवर तिची मजुरी बुडाली, घरी भिजत घातलेलं पान तसंच पडून राहिलं.

हे युनियनच्या बैठकीत मांडलं, तर आमचे एक जुने कॉम्रेड कडाडले, "आता मुली पाडायची परवानगी मागायची का?" अहो, लिंगनिदानबंदीचा कायदा 1994चा, तो वेगळा. मुलगा की मुलगी हे बघणं गुन्हा आहे, बाईने दिवस गेलेले नको म्हणणं नाही. पीएफसाठी घसा फोडणाऱ्या माणसाला एवढा फरक कळू नये? मग म्हणे, हा बायकांचा खाजगी विषय. मजुरी कुणाची बुडाली, मग?

कायद्याचं म्हणाल तर 2021च्या दुरुस्तीत काही गटांसाठी मुदत 24 आठवडे झाली, आणि त्यात अविवाहित बायकाही येतात हे सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलं. पण शेवटचा शब्द आजही डॉक्टरचाच. बाईच्या हक्काचं त्यात काही नाही, आणि कायद्याच्या चौकटीबाहेर गेलं तर भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे फौजदारी कायद्याच्या, कलम 88 खाली तीही गुन्हेगार. बदलायचं ते हे. फक्त दिल्लीला निवेदनं पाठवण्याआधी आपल्या वस्तीतल्या बायकांना फॉर्म सी दाखवा.

हां, मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती लागते, वीस आठवड्यांपुढे दोन डॉक्टर लागतात. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका.

आणि कॉम्रेड, वाचत असाल तर पुढच्या बैठकीत हा मुद्दा मी पुन्हा काढणार आहे, तेही मजुरीच्या आधी.