आरोपी आणि फिर्यादी एकाच गावात

प्रश्न : ‘ऑपरेशन खुकरी’मुळे पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनचे नाव ऐकले होते. तेथील यादवी संपल्यावर खेड्यापाड्यांत समेट घडवण्याचे काम एका स्वयंसेवी संस्थेने हाती घेतले, असे वाचनात आले. ही संस्था नेमके काय करते आणि त्यामुळे लोकांचे दुःख खरोखर हलके होते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जुलै २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय सैनिकांभोवती बंडखोरांनी घातलेला वेढा ‘ऑपरेशन खुकरी’त ज्या कैलाहुन येथे फोडण्यात आला, त्याच जिल्ह्यात १९९१ मध्ये यादवीला तोंड फुटले होते. जॉन कॉल्कर यांनी स्थापन केलेल्या ‘फांबुल टोक’ या संस्थेच्या समेटाच्या सभाही २००८ मध्ये तेथूनच सुरू झाल्या. २००२ मध्ये युद्ध संपल्यावर युद्धगुन्ह्यांसाठीच्या विशेष न्यायालयाने केवळ सर्वाधिक जबाबदार अशा मोजक्या लोकांवर खटले चालवले; बाकीच्या लढणाऱ्यांना सरकार आणि बंडखोर यांच्यातील १९९९ च्या लोमे शांतता कराराने माफी देऊन टाकली होती. सत्यशोधन आयोगाने हजारो जबान्या नोंदवल्या खऱ्या, पण त्याच्या सुनावण्या गावोगावी पोहोचल्या नाहीत. त्यामुळे घर जाळणारा आणि ज्याचे घर जळले तो, असे दोघेही एकाच गावात अबोला धरून राहत होते.

संस्थेचे कार्यकर्ते थेट सभा भरवत नाहीत. हे तुम्हांला हवे आहे का, असे आधी गावचा मुखिया, वडीलधारी मंडळी, स्त्रिया आणि तरुण यांना विचारले जाते. होकार मिळाला, तर गावातल्याच लोकांची समिती नेमून तिला मध्यस्थीचे प्रशिक्षण देतात. मग एका रात्री शेकोटीभोवती सारे जमतात. ज्याने सोसले तो उभा राहून काय घडले ते सांगतो आणि ज्याने केले तो त्याच गर्दीतून पुढे येऊन कबुली देतो, वाकून क्षमा मागतो. पुढे पूर्वजांच्या नावाने विधी होतात, काही ठिकाणी सामायिक शेतीही सुरू होते. शिक्षा कोणालाच होत नाही, आणि नुकसानभरपाईही मिळत नाही. हे दुसरे मला अधिक खटकते.

आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाला सरळ ‘होय’ म्हणता येत नाही. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०० गावांतील २,३८३ लोकांची पाहणी होती, आणि सभा कोणत्या गावांत आधी घ्यायच्या हे सोडतीच्या पद्धतीने ठरवले होते. सभा झालेल्या गावांत क्षमाशीलता वाढली, माणसांचे परस्परसंबंध विस्तारले आणि गावाच्या सार्वजनिक कामांना लोक अधिक हातभार लावू लागले. त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि आघातोत्तर मानसिक त्रासही वाढला, आणि काही गावांत ३१ महिन्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हाही हे दोन्ही परिणाम टिकून होते.

गाव सावरले, पण जखम उघडी करणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली, असा याचा अर्थ मी लावतो. म्हणून सभा बंद कराव्यात, असे मला वाटत नाही. मात्र बोलणाऱ्याला त्या रात्रीनंतरही समुपदेशन मिळत राहील, अशी तजवीज सभेच्या खर्चातच धरायला हवी. ज्या देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते, तेथे हे काम गावातल्याच प्रशिक्षित स्त्री-पुरुषांकडे सोपवावे लागेल.