वाचकांचे प्रश्न : खंडाच्या वर्षातले (गॅप इयर) श्रेयांक पदवीत धरले जातात का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. लगेच बी.कॉम.ला प्रवेश न घेता तिला एका संस्थेच्या नऊ महिन्यांच्या उपक्रमात जायचे आहे. गावांत राहून पाणी आणि शेतीविषयक काम करायचे, असे त्याचे स्वरूप असून माहितीपत्रकात ‘१८ क्रेडिट मिळतील’ असे छापले आहे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा लहानसा यंत्रमाग कारखाना आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे, की वर्ष वाया घालवायचेच असेल तर ते कारखान्यात घालवावे. हे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पुढे पदवीत धरले जातील का? आणि कारखान्यातल्या कामाचेही श्रेयांक मिळू शकतात का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, माहितीपत्रकातला आकडा खोटा असेलच असे नाही, मात्र तो अपुरा आहे. श्रेयांक देणारी संस्था एक असते आणि ते पदवीत धरणारी दुसरी, आणि आपल्या मुलीच्या बाबतीत ही दुसरी संस्था कोणती, हेच अजून ठरलेले नाही.

आधी आकडा तपासू. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाचे १,२०० तासांचे अध्ययन म्हणजे ४० श्रेयांक, म्हणजेच एका श्रेयांकामागे ३० तास. या हिशेबाने १८ श्रेयांकांना ५४० तास लागतात. नऊ महिन्यांत ते आठवड्याला साधारण चौदा तास होतात, तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही. मात्र हे तास कोणी मोजले, मूल्यमापन कोणी केले आणि गुणपत्रक कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या नावाने निघेल, हे संस्थेला लेखी विचारावे. मध्यंतरी एक विद्यार्थी माझ्याकडे सात प्रमाणपत्रे घेऊन आला होता, सगळी लॅमिनेट केलेली, सोनेरी किनारीची. त्यांपैकी एकावरही तास, श्रेयांक किंवा परीक्षेचा उल्लेख नव्हता. ‘सहभागाबद्दल अभिनंदन’ एवढाच मजकूर असलेल्या कागदाचे प्रवेशाच्या खिडकीवर काहीही होत नाही, हे त्या मुलाला सांगताना मलाच अवघडल्यासारखे झाले.

श्रेयांक साठवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची व्यवस्था केली. तिला बँक म्हणत असले तरी तिथे विद्यार्थ्याला स्वतः भरणा करता येत नाही. खाते त्याच्या नावाचे असते आणि श्रेयांक जमा करते ती तिथे नोंदणी झालेली शिक्षणसंस्था. आपल्या मुलीला आवडलेली संस्था स्वयंसेवी असेल आणि तिच्यामागे कोणतेही विद्यापीठ उभे नसेल, तर ते १८ श्रेयांक खात्यात येणारच नाहीत. आले तर ते जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात, आणि एका पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात. शिवाय, जी संस्था पदवी देणार तिथलेच किमान ५० टक्के श्रेयांक असावे लागतात.

घरी राहूनही करता येण्याजोगा मार्ग म्हणजे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ‘स्वयम्’. २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात. नुसती व्याख्याने पाहून मात्र श्रेयांक मिळत नाहीत. शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. पालकांच्या नजरेतून निसटते ती अट पुढची आहे : कोणते अभ्यासक्रम चालतील हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शिक्षणसंस्थेने आधी मंजूर केलेले असावे लागते. खंडाच्या वर्षात मुलगी कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नसेल. त्या काळात मिळवलेले प्रमाणपत्र पुढच्या वर्षी स्वीकारले जाईलही. पण तो हक्क नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालय असेल तर याविषयीची नियमावली केगावच्या विद्यापीठाची असते, स्वायत्त महाविद्यालय असेल तर त्याची स्वतःची. त्यामुळे एखाद्या प्राध्यापकांनी तोंडी ‘होऊन जाईल’ म्हटले, एवढ्यावर विसंबू नये.

कारखान्याबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला चार श्रेयांक, म्हणजे १२० तास, दिलेले असतात. मात्र ते अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, महाविद्यालयाने नेमलेल्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली आणि नोंदवहीसह. प्रवेशाआधी केलेले काम मागाहून या चार श्रेयांकांत धरले जाईल, असे गृहीत धरू नये. तरीही तिच्या वडिलांचे म्हणणे मला निव्वळ हट्टाचे वाटत नाही. सुताची बिले, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, आठवड्याचा पगार, हे सारे वर्षभर हाताखालून गेलेली मुलगी बी.कॉम.च्या वर्गात वेगळ्या तयारीने बसेल. फक्त त्याचा आकडा गुणपत्रकात दिसणार नाही.

माझे मत विचाराल तर खंड एक वर्ष पुढे ढकलावा. यंदा प्रवेश घेऊन पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक पूर्ण करावेत आणि उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम करावा. आयोगाच्या आराखड्यानुसार इथे ‘अंडरग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ (पदवी नव्हे, पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र) घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. यातला खरा फायदा असा, की मधल्या काळात काय धरले जाईल हे विचारायला आपले म्हणता येईल असे एक महाविद्यालय हाताशी असते. मुलीचे मन मात्र यंदाच वळले असेल, तर बळजबरी करू नये. तिने श्रेयांकांसाठी नव्हे, कामासाठी जावे, आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी खंडाचे प्रतिज्ञापत्र लागेल हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझ्या भाच्याने अमेरिकेतील महाविद्यालयाचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून घेतला आहे. तिथल्या एका गॅप इयर कार्यक्रमात जादा शुल्क भरल्यास दुसऱ्या महाविद्यालयाचे श्रेयांक मिळतात. घ्यावेत का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी प्रवेश पुढे ढकलल्याचे पत्र काढून पुन्हा वाचावे. त्या वर्षात दुसरीकडे श्रेयांकांचे शिक्षण घेऊ नये, अशी अट तिथली अनेक महाविद्यालये घालतात. ती मोडली तर प्रवेश रद्द होऊ शकतो, किंवा मुलाला नवागत न मानता बदली विद्यार्थी मानले जाते आणि नवागतांसाठीची शिष्यवृत्ती हातची जाते. तशी अट नसल्यास, श्रेयांक देणारे महाविद्यालय अधिमान्यताप्राप्त आहे ना आणि त्याचे अधिकृत गुणपत्रक थेट पाठवले जाईल ना, हे पाहावे. कोणते विषय धरले जातील हे भाच्याच्या महाविद्यालयाच्या कुलसचिव कार्यालयाला ईमेलने विचारावे. त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत ते जादा शुल्क भरू नये.