लेकाला आळंदीला ठेवायचं, पण शाळेचं काय?

प्रश्न : मुलगा यंदा पाचवी पास झाला. गावच्या हरिपाठात पखवाज वाजवतो, पाठांतर चांगलं आहे. सासरे माळकरी. ते म्हणतात, शाळेतून नाव काढा आणि आळंदीला महाराजांकडे ठेवा. शिकून तरी कुणाला नोकऱ्या लागल्या? मालकांनाही ते पटतंय. माझं मन धजत नाही, पण नको म्हटलं तर देवाच्या आड आल्यासारखं वाटतं. काय करू?
– एक आई, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, देवाच्या आड येण्याचं भय आधी मनातून काढा. मीही माळकऱ्याच्या घरची आणि उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेली, म्हणून दोन्हीकडचं बोलते.

सासऱ्यांची ओढ खोटी नाही. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे चार वर्षं गीता, ज्ञानेश्वरी, गाथा रीतसर शिकवतात. माझा धाकटा भाऊ आळंदीत शिकला. ओवी आधी तोंडात बसायची, अर्थ मागाहून उलगडायचा. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे घुमणाऱ्या डाव्या बाजूला, कणीक किती लावायची, हे त्याला बोटांनीच शिकवलं. जास्त झाली की आवाज दबतो, सुकली की पुडी कडक बोलते. असं कान देऊन, हात लावून शिकणं आमच्या वर्गांत फार थोडं होतं, याची मला खंत आहे. पण भाऊ गेला तो दहावी करून. आज तो कीर्तनं करतो आणि सोसायटीच्या कर्जाचे कागदही स्वतः वाचतो.

सासऱ्यांना सोनोपंत ऊर्फ मामासाहेब दांडेकरांचं नाव नक्की ठाऊक असेल. जोग महाराजांचे शिष्य, मोठे कीर्तनकार, आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य. शाळा सोडल्याशिवाय माउली भेटत नाही, असं संप्रदायाने कधी म्हटलेलं नाही. घरात बोलताना हेच पुढे करा. सुनेपेक्षा मामासाहेबांचं ते लवकर ऐकतील.

आता कायद्याचं. 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. पण 2012 च्या दुरुस्तीने वेदपाठशाळा, मदरसे आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्या कायद्यातून वगळल्या. म्हणजे तुमच्या लेकाचे अपूर्णांक कच्चे राहिले, तर विचारायला कुणी येणार नाही. पाठवायचाच झाला तर दाखला घरात ठेवू नका, आळंदीतल्या शाळेत लावा. तिथली कितीतरी मुलं दिवसा शाळेत जातात आणि सकाळ-संध्याकाळ पाठ घेतात. पुढेमागे शाळा सुटलीच, तर मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं, त्याला वय 14 पूर्ण लागतं. पण ती आडवाट आहे, आजच धरू नका.

आणि जागा स्वतः बघा, मालकांवर सोडू नका. गेल्या काही वर्षांत आळंदीतल्या काही खासगी वसतिगृहांत मुलांना मारहाण झाल्याच्या, लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या आहेत. महाराज कितीही नावाजलेले असोत, मुलं रात्री कुठे झोपतात, त्यांच्याजवळ कोण असतं, आजारी पडलं तर कोण नेतं, घरी फोन मोकळेपणाने करता येतो का, हे तोंडावर विचारा. विचारल्याचा ज्यांना राग येईल, तिथून मुलाला घेऊन परत या. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर लेकाकडून पाठ करून घ्या. हरिपाठ पाठ करणाऱ्याला चार आकडे जड नाहीत.

माझं मत विचाराल तर दहावीपर्यंत घरीच ठेवा. गावात पखवाज सुरू राहू दे, आणि मे महिन्यात आळंदीच्या एखाद्या बालसंस्कार शिबिराला पाठवा. परत आला की आजोबा समोर नसताना त्याला विचारा, पुन्हा जायचंय का.