'डक' म्हटलं तर हसा, 'ओल्ड बॅट' म्हटलं तर बोला

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या आजी, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की सूनबाई तिथलीच आहे, बसचा ड्रायव्हर तुम्हाला 'डक' म्हणतो, दवाखान्यातली नर्स रक्त काढताना 'गुड गर्ल' म्हणते, आणि १४ वर्षांचा नातू मित्राला फोनवर 'द ओल्ड बॅट इज होम' असं म्हणाला ते तुम्ही ऐकलंत. मुलाला सांगितलं तर तो म्हणे "आई, इथे सगळे असंच बोलतात". आता तुम्हाला कळत नाहीये की यातलं प्रेमाचं कुठलं, अपमानाचं कुठलं, की आपणच उगाच मनाला लावून घेतोय.

उगाच नाही हो. वाईट वाटलं ते बरोबरच वाटलं.

आधी ड्रायव्हरला सोडून देऊ. नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोक या पट्ट्यात आपुलकीने 'डक' सगळ्यांनाच म्हणतात, दाढीवाला गडी दुसऱ्या दाढीवाल्याला पण म्हणतो, त्यात तुमच्या वयाचा काही संबंध नाही. न्यूकॅसलला गेलात तर 'पेट' ऐकाल, ग्लासगोला बायकांना 'हेन', यॉर्कशायरात 'लव्ह'. खुशाल हसून उत्तर द्या.

नर्सचं वेगळं. ती वाईट नसेल, पण 'गुड गर्ल', 'स्वीटी' हे लहान मुलाशी बोलायचे शब्द आहेत आणि म्हाताऱ्या माणसांशी असं बोबडं बोलायची सवय तिकडे इतकी आहे की तिला 'एल्डरस्पीक' असं नावच आहे. 'ओल्ड डियर' पण तसंच, ऐकायला गोड पण बऱ्याचदा त्यात कीव असते. पुढच्या वेळी सरळ सांगा, प्लीज कॉल मी मिसेस अमुक. त्यात उद्धटपणा काही नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तर पेशंटला काय म्हणून हाक मारायची हे विचारतातही.

आता नातू. 'ओल्ड बॅट' म्हणजे कटकटी, विचित्र म्हातारी. 'ओल्ड बॅग', 'हॅग', 'ओल्ड बिडी' ही त्याचीच भावंडं, आणि 'बॅटलअ‍ॅक्स' म्हणजे दरारा असलेली, भांडकुदळ बाई. तुमचा मुलगा अर्धंच खरं बोलला. काही घरांत आजीला तोंडावर 'डाफ्ट ओल्ड बॅट' म्हणतात, ती पण हसते, उलट टोमणा मारते, ते चालतं. आपल्याकडे आजोबा आजीला 'म्हातारे' म्हणतात आणि रिक्षावाला 'ए म्हातारे, सरक' म्हणतो, हे दोन्ही एकच का? नातवाने पाठीमागे म्हटलं, मित्रासमोर म्हटलं, तुम्ही घरात आहात ही अडचण आहे अशा सुरात म्हटलं, म्हणून ते लागलं.

मुलामार्फत निरोप पाठवू नका. नातू एकटा असताना, जेवताना वगैरे, शांतपणे सांगा की मी ऐकलं आणि मला वाईट वाटलं. इंग्रजीत सांगितलंत तरी चालेल, व्याकरणाची चिंता नको. मग विचारा, तुझ्या नॅनला, म्हणजे सूनबाईच्या आईला, तू असं म्हणशील का? आणि उत्तराची वाट बघा, लगेच स्वतःच "जाऊ दे" म्हणून विषय मिटवू नका, आपण बायका हे फार करतो.

अजून एक, मला वाटतं १४ व्या वर्षी मित्रांपुढे त्याला 'आजी' म्हणायला लाज वाटत असावी. त्याला सांगा की पोलिश घरांत 'बाबचा' म्हणतात, इटालियन घरांत 'नोना', अमेरिकेच्या दक्षिणेत 'मीमॉ', आणि इंग्लंडच्या राणी एलिझाबेथला तिची पतवंडं 'गॅन-गॅन' म्हणायची, तर 'आजी' म्हणायला लाजायचं काय कारण. मित्र घरी आले की तुम्हीच पुढे होऊन "आय ॲम हिज आजी" म्हणा, पोरं दोन दिवसांत शिकतात.

सॉरी म्हणाला, पुटपुटत का होईना, तर मान्य करा आणि परत उकरून काढू नका. पुन्हा तोच शब्द आला तर मात्र मुलाकडे न जाता सूनबाईशी बोला. ती त्याच भाषेत वाढलीये, त्या शब्दाचं वजन तिला तुमच्या मुलापेक्षा जास्त कळेल. आणि काय झालं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.