अनाथ मुलांच्या कार्यक्रमासाठी भागीदार संस्था कशी निवडावी?

महाराष्ट्रात सीएसआर निधीतून (कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून) अनाथ व निराधार मुलांसाठी काम करताना संस्था कशी पारखावी, असे आपण विचारले आहे. संस्था निवासी असेल, तर बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 खालील नोंदणी आधी पाहावी. सीएसआर-1 (सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेची केंद्र सरकारकडील नोंदणी) आणि लेखापरीक्षण हे ओघाने आलेच. खरी कसोटी मात्र, माझ्या मते, वेगळी आहे: संस्थेत किती मुले आहेत यापेक्षा किती मुले आई, आजी वा मामाकडे परत गेली, आणि त्यांना बालसंगोपन योजनेचे (कुटुंबात वाढणाऱ्या अशा मुलांसाठीच्या राज्य सरकारच्या मदतीचे) दरमहा 2,250 रुपये मिळावेत म्हणून संस्थेने कागदपत्रांचा पाठपुरावा केला का, हे विचारावे. अहवालात मुलांचे चेहरे व नावे सर्रास छापणारी संस्था (देणगीदारांना ती आवडतात, हे खरे) टाळावी, कारण याच अधिनियमाच्या कलम 74 नुसार अशी ओळख उघड करता येत नाही.