विहिरीच्या पाण्याला वास येतो, फिल्टर बसवू का?

प्रश्न: आमच्या घरच्या विहिरीच्या पाण्याला काही महिन्यांपासून सडक्या अंड्यासारखा वास येतोय. सकाळी नळ सोडला की पहिल्या धारेला येतो, मग जातो. गिझरच्या पाण्याला मात्र सतत येतो. तुरटी फिरवून पाहिली, उपयोग नाही. प्लंबर कार्बन फिल्टर बसवा म्हणतो. बसवू का?

उत्तर: इतक्यात नको. हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. जिथं हवा पोचत नाही तिथले काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून तो तयार करतात. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो. विरघळलेल्या वायूशी तिचा संबंध नाही.

आधी काचेचा पेला नळाखाली भरा आणि मोरीपासून लांब, दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगा. हसू नका, कितीतरी घरांत वास पाण्याला नसतोच, मोरीच्या जाळीतून वर येत असतो. थंड आणि गरम, दोन्ही पाण्यांचं असं करा.

गरम पाण्याला वास जास्त असेल तर माझा पहिला संशय गिझरवर. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची सळई असते. ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. पण तीच या जिवाणूंच्या पथ्यावर पडते. मेकॅनिककडून अॅल्युमिनियम-जस्ताची सळई बसवून घ्या. काही जण सळई काढूनच टाकतात. वास जातो, मागोमाग टाकीही जाते.

थंड पाण्याचा वास पहिल्या धारेपुरता आहे, म्हणजे जिवाणूंनी बिऱ्हाड बहुधा पाइपांत किंवा विहिरीत केलंय. वायू जमिनीतूनच येत असता तर नळ कितीही वेळ चालू ठेवला तरी वास हटला नसता. तेव्हा विहीर, टाकी, पाइप सगळं एकदमच क्लोरीननं धुवा. ब्लीचिंग पावडर ताजी, 33 टक्के क्लोरीनची असेल तर 1000 लिटरला 150 ग्रॅम धरा. बादलीत कालवून वरची निवळी तेवढी ओता. प्रत्येक नळाला, गिझरच्याही (तो बंद ठेवून), क्लोरीनचा वास आला की नळ बंद करा आणि 12 ते 24 तास पाणी तसंच राहू द्या. मग वास जाईपर्यंत उपसून टाका. सेप्टिक टँकमध्ये मात्र सोडू नका. तोवर पिण्याचं पाणी वेगळं भरून ठेवा. पावडरीच्या आसपास अॅसिड नको, विषारी वायू सुटतो.

वास काही महिन्यांपूर्वीच सुरू झालाय, ही गोष्ट मला खटकते. सांडपाणी झिरपत नाही ना, हे कोलिफॉर्मच्या (सांडपाण्यासोबत येणाऱ्या जिवाणूंच्या) तपासणीतून कळेल. अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्या. सल्फाइडची तपासणी विहिरीवरच करून घ्या, बाटलीतून नेईपर्यंत वायू उडून जातो. प्रमाण लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या आत असेल तर कार्बन फिल्टर पुरेल. त्याहून जास्त असेल तर तो लवकर भरून निकामी होतो. मग पाण्यात हवा खेळवणं किंवा सतत थोडं क्लोरीन सोडून पुढे गाळणं, हेच मार्ग.

आणि गाळ काढायला म्हणून कुणालाही सहज विहिरीत उतरवू नका. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं.