मांजर महिनाभर खाजवतंय, पण पिसवा दिसत नाहीत. काय करू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोनी दोन वर्षांची, घराबाहेर न जाणारी. महिनाभर खाजवतेय, मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी बारीक खपल्या, पोटावरचे केस विरळ झालेत. पिसवा शोधल्या, एकही सापडली नाही. शेजारच्या काकू म्हणतात कडुलिंबाचं तेल आणि हळद लावा, मेडिकलवाला म्हणतो खरजेचं मलम लावून बघा.

आधी एक करा. आज तिच्या अंगाला काहीही लावू नका. काकूंचं नको, आणि मेडिकलवाल्याचं तर मुळीच नको. कारण पुढे सांगते. मी डॉक्टर नाही. ठाण्यात तळमजल्यावर पंधरा वर्षं मांजरं सांभाळतेय, आणि यातलं बरंचसं चुका करून शिकलेय.

आता पिसवा. मांजराच्या बाबतीत ‘दिसत नाहीत’ म्हणजे ‘नाहीत’ असं धरता येत नाही. मांजराच्या जिभेवर काटे असतात, ती जीभ म्हणजे फणीच, आणि दिवसातला मोठा वेळ ते ही फणी अंगावर फिरवत बसतं. ज्याला पिसवांची ॲलर्जी आहे ते तर दुप्पट चाटतं आणि पुरावाच गिळून टाकतं. ॲलर्जी असते ती पिसवेच्या लाळेची. त्यामुळे अंगावर शंभर पिसवा असायला लागत नाहीत, दोन-चार चावल्या तरी मांजर हैराण होतं. ‘पण ती बाहेर जात नाही’ हेही मी वर्षानुवर्षं म्हणत होते. पिसू जिन्यावरच्या मांजराकडून येते, पायपुसण्यावरून येते, आपल्या पँटच्या टोकाला चिकटूनही येते.

तेव्हा शोधायची ती पिसू नाही, तिची विष्ठा. उवांसाठी मिळते तसली बारीक दातांची फणी घ्या. सोनीला पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर बसवा, शेपटीच्या बुडापासून पाठीवर उलटी-सुलटी फणी फिरवा, मग मानेवर. अभ्र्यावर मिरपुडीसारखे काळे कण पडले तर ते उचलून ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा आणि मिनिटभर थांबा. साधी धूळ असेल तर काळीच राहते. पिसवेची घाण असेल तर कणाभोवती तांबूस-तपकिरी ओघळ पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. आमच्या चिंगीच्या वेळी ट्यूबलाइटखाली मी आणि मुलगी कापसाकडे टक लावून बसलो होतो, आणि तो तांबूस डाग पसरताना पाहिल्यावर माझी तीन महिन्यांची ‘आमच्या घरात पिसवा नाहीत’ ही टिमकी बंद झाली. शेपटीखाली किंवा ती झोपते तिथे तांदळाच्या कणीसारखे वाळलेले तुकडे दिसले तर तोही पुरावाच. तो फीतकृमी, आणि मांजराच्या पोटात तो बहुतेक वेळा पिसू गिळल्यानेच जातो.

खपल्यांबद्दल. डोळे मिटून तिच्या पाठीवरून बोटं फिरवा. केसांखाली बाजरीचे दाणे विखुरल्यासारखं हाताला लागतंय का? डॉक्टरी भाषेत याला मिलिअरी डर्मटायटिस म्हणतात, आणि त्या नावातच बाजरीच्या जातीचं धान्य आहे. हा स्वतः आजार नव्हे, कातडीने केलेली तक्रार आहे. बहुतेकदा पिसवांविरुद्ध, पण नेहमीच नाही.

पोटावरचे केस गेले त्याचं लोक लगेच ‘हार्मोन’ किंवा ‘टेन्शन’ करून टाकतात. चिंगीला मी टेन्शनवाली ठरवून महिनाभर लाडावत होते. डॉक्टरांनी चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि म्हणाले, टोकं बघा, तुटलेली आहेत. आपोआप गळलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, चाटून तोडलेल्याचं ठोकळं. म्हणजे केस गळत नव्हते, बाई रात्री आम्ही झोपल्यावर चाटून काढत होत्या. मांजराची खाज अशीच असते. कुत्रा तुमच्यासमोर पायाने खराखरा खाजवतो, मांजर गुपचूप चाटतं. तुम्हाला उलटीत किंवा विष्ठेत केसांचे पुंजके जास्त दिसायला लागलेत का, तेही आठवून बघा.

मांजराला खाज सुटणारी बाकीची कारणंही असतात, आणि जागेवरून बराच अंदाज येतो. कानाच्या कडेपासून सुरू होऊन कपाळ, पापण्या, मान अशी जाड करडी खपली चढत गेली असेल तर ती खरूज, ज्याला गावाकडे लूत म्हणतात. भटक्या मांजरांत ही सर्रास दिसते. खाज भयंकर असते, आणि मांडीवर घेणाऱ्यालाही हाताला पुरळ येतं. कानाच्या आत कॉफीच्या चोथ्यासारखा मळ आणि डोकं झटकणं असेल तर कानातले किडे. खाज फारशी नाही, पण गोल चट्ट्यात केस गेलेत आणि कडेला कोंडा आहे, तर गजकर्ण समजून चाला. गजकर्ण माणसाला होतं, लहान मुलांना तर लगेच, म्हणून निदान होईपर्यंत मुलांना तिच्याबरोबर झोपवू नका. हनुवटीवर काळे ठिपके हा बहुधा मुरुमांचा प्रकार. प्लास्टिकचं भांडं काढून स्टीलचं ठेवून बघा. पावसाळ्यात फक्त नाकाच्या दांडीवर आणि कानाच्या टोकांवर फोड येत असतील तर डास, आणि खिडकीला जाळी. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावरची बरी न होणारी खपली मात्र ‘उन्हाने झाली असेल’ म्हणून सोडू नका. तिथे कर्करोग होऊ शकतो.

तुम्ही लिहिलेल्या जागा, म्हणजे मान, शेपटीचं बूड आणि पोट, माझ्या मते पिसवांकडेच बोट दाखवतात.

आता न लावण्याचं कारण. मांजराच्या अंगावर लावलेलं दहा मिनिटांत त्याच्या पोटात जातं, हे एक. दुसरं असं की आपल्या आणि कुत्र्याच्या यकृतात काही रसायनं निकामी करून बाहेर टाकायची जी सोय असते, ती मांजरात फार तोकडी आहे. म्हणून कुत्र्याला चालणारं मांजराला चालेलच असं नसतं, आणि ‘नैसर्गिक आहे’ याने काही बदलत नाही. कडुलिंबाच्या तेलाने मांजरांची लाळ गळणं, थरथर सुटणं असे प्रकार झालेले आहेत. टी ट्री ऑइल, कापूर, फिनाइल, डेटॉल यांतलं काहीही तिच्या कातडीला नको, आणि फिनाइलने पुसलेली ओली फरशीसुद्धा नको, कारण ती पंजे चाटते. हळदीने जीव जाणार नाही, पण सोनी आठवडाभर पिवळी दिसेल आणि खाज तशीच. खरजेच्या मलमात बऱ्याचदा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं किंवा बेंझिल बेंझोएट, आणि दोन्ही मांजराला विष आहेत.

परमेथ्रिनचा धडा मला आमच्या बोक्याने दिला. रविवार, नेहमीचा दवाखाना बंद, गुंड्याच्या मानेवर पिसवा धावताना दिसल्या. जवळच्या दुकानात कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब मिळाले. दुकानदार म्हणाला, औषध एकच असतं, फक्त अर्धं टाका. मी अर्धं टाकलं. चार तासांनी त्याचे कान फडफडायला लागले, मग पाठीची कातडी लाटेसारखी हलायला लागली, मग चारही पाय थरथर. तेव्हा कुठे चष्मा लावून मी वेष्टन वाचलं. बारीक अक्षरात परमेथ्रिन आणि शेजारी फुली मारलेलं मांजराचं चित्र! भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात त्याची मान धुतली, टॉवेलात गुंडाळून रिक्षाने दुसऱ्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाइन आणि झटके थांबवणारी औषधं. गुंड्या वाचला. असं कधी झालं तर धुवा, पण धुण्यात अर्धा तास घालवू नका, आणि वेष्टन सोबत न्या.

गावाकडच्या वाचकांसाठी: गोठ्यात गोचिडांसाठी पाण्यात मिसळून मारतात ती डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनची औषधं याच कुळातली. गाईला फवारलं, उरलेलं मांजराला, असं करू नका.

मग लावायचं काय? मांजरासाठीच बनवलेले आणि सोनीच्या वजनाला जुळणारे मानेवरचे थेंब, डॉक्टरांनी लिहून दिलेले. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन ही त्यातली नेहमीची नावं. सेलामेक्टिनने कानातले किडे आणि खरूजही आटोक्यात येते, म्हणून निदान डळमळीत असताना डॉक्टर बरेचदा तेच देतात. थेंब टाकायचे ते दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जरा वर, मानेच्या मागे, जिथे तिची जीभ पोचत नाही, आणि केस बाजूला सारून कातडीवर. केसांवर टाकलेलं औषध वाया जातं. एकाहून जास्त मांजरं असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी टाका, आणि वाळेपर्यंत एकमेकांना चाटू देऊ नका.

आणि एका डोसवर थांबू नका. इथेच बहुतेक लोक हरतात. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या सगळ्या पिढीचा जेमतेम विसावा हिस्सा. बाकी अंडी, अळ्या आणि कोष गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत, पलंगाखाली. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. कोषाला कुठलंच औषध धड लागत नाही, तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो आणि ऊब किंवा पावलांची हालचाल जाणवली की फुटतो. गणपतीला दहा-बारा दिवस गावी जाऊन आल्यावर कुलूप उघडताक्षणी घोट्यांना चावे बसतात ते यामुळे. म्हणून निदान तीन महिने, दर महिन्याला थेंब. त्या काळात तिची चादर आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गाद्या उन्हात टाका, कारण अळीला ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. व्हॅक्यूम असेल तर फटीफटीतून फिरवा आणि पिशवी लगेच घराबाहेर. पावसाळ्यात हे सगळं कठीण जातं, हे मी मान्य करते. तेव्हा व्हॅक्यूमवर जोर.

तीन महिने नीट औषध देऊनही खाज राहिली, विशेषतः तोंड आणि मानेवर, तर अन्नाच्या ॲलर्जीचा विचार करतात. त्याची खात्रीची रक्ततपासणी नाही. आठ आठवडे असं एकच अन्न द्यायचं जे तिने पूर्वी कधी खाल्लं नाही, आणि बाकी एक कणही नाही. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण नुसतं मटण-भात खाऊन मांजराला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य पुरेसं मिळेलच असं नाही. वैद्यकीयदृष्ट्या हे सोपं आहे. घरच्यांच्या दृष्टीने अशक्य. आमच्या सासूबाई सहाव्या आठवड्यात ओट्याखाली बशीत दूध देताना सापडल्या, आणि मोजणी पुन्हा एकपासून.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी मागा. कातडी खरवडून किंवा चिकटपट्टीने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. गजकर्णाची शंका असेल तर वूड्स दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, बघतात, पण सगळी बुरशी त्यात चमकत नाही, त्यामुळे ‘चमकलं नाही म्हणजे नाही’ हे मानू नका, कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून बघायची तपासणी, करायला सांगा. निकालाला दोन-तीन आठवडे जातात. आणि थेट स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं तर विचारा की खाज कशाची आहे हे ठरलं का. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. गरज असताना ते योग्यही आहे. पण खाली बुरशी असेल तर ती फोफावते. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, तिथेही मांजरं बघतात.

तोवर घरी एवढंच: मागच्या पायांची नखं टोकाला कापा, जखम झाली असेल तर चाटता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला (दोन दिवस शिव्या खाल, मग सवय होते), आणि घाण साफ करायला उकळून गार केलेलं मिठाचं सौम्य पाणी. दुखतंय असं वाटलं तरी पॅरासिटामॉल नाही, एक गोळीही मांजराला मारू शकते.

खपल्यांतून पू येत असेल, तिने दिवसभर खाल्लं नसेल, किंवा घरात छोटं पिल्लू असून त्याच्या हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर फणी-कापूस करत बसू नका, सरळ उचलून न्या. पिल्लाचं रक्त पिसवा पिऊन संपवतात. सोनीचं तसं काही दिसत नाही. चिंगीची खाज पहिल्या डोसनंतर दोन आठवड्यांत उतरली, पोटावर लव यायला मात्र दोन महिने लागले, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात केस आले नाहीत म्हणून औषध बदलू नका. कापसावर काय दिसलं ते खाली लिहा, आणि वजन करून ठेवा. तुम्ही तिला घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग तिच्याशिवाय, आणि वजाबाकी करा.